आघाडीची फळी

देवळाली कॅम्पासारख्या लष्करी वस्तीत हॉकी हा परका खेळ वाटत नाही. तोफखान्याच्या शाळेमुळे येथे देशाच्या सर्व भागांतून जवान येतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे खेळही येतात. संध्याकाळी मैदानावर मुरमाची धूळ उडू लागली, की रस्त्याने जाणारा माणूसही घटकाभर कडेला उभा राहतो.

अशा गावातील एखादा संघ लागोपाठ हरू लागला, म्हणजे दोष कोणास द्यावयाचा हे ठरलेलेच असते. गोल होत नाहीत. गोल करणे हे फॉरवर्डांचे काम. तेव्हा फॉरवर्ड वाईट. उपायही तितकाच झटपट निघतो. बाहेरून दोन तयार गडी आणावेत व येथील दोघांना बसवावे! हा उपाय सर्वस्वी चुकीचा आहे असे नाही. परंतु तो पहिला उपाय नव्हे, आणि एकटा तर तो क्वचितच लागू पडतो.

१९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकसाठी गेलेल्या भारतीय संघावर हाच प्रसंग आला होता. १७ जुलै रोजी झालेल्या सरावाच्या सामन्यात जर्मनांनी भारताचा ४-१ असा पराभव केला. ज्या संघाचे कर्णधार प्रत्यक्ष ध्यानचंद, ज्याच्या आघाडीत रूपसिंगांसारखा खेळाडू, त्या संघाला एकच गोल करता यावा, ही गोष्ट सर्वांच्या मनाला लागली. आघाडीतील उजव्या बाजूची ‘इनसाइड’ची जागा दुबळी पडत होती. तेव्हा मायदेशी तार करून अली दारा या खेळाडूस बोलावून घेण्यात आले. तो विमानाने आला, आणि १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात भारताने त्याच जर्मनीस ८-१ असे हरविले.

ही कथा येथवर सांगून थांबणारे पुष्कळ आहेत, व तिच्यावरून ‘नवा गडी आणला की काम झाले’ असे अनुमान ते काढतात. पण मधल्या दिवसांचे काय? दारा येऊन पोहोचला तो उपांत्य सामन्याच्या वेळी. त्यापूर्वी त्याच्यावाचूनच भारताने हंगेरीवर ४, अमेरिकेवर ७ आणि जपानवर ९ गोल केले होते. आणि एकही गोल स्वतःवर होऊ दिला नव्हता. म्हणजे पराभवानंतरच्या तीन आठवड्यांत उरलेली फळी सावरली होती. दाराने भरून काढली ती एक नेमकी जागा. शिवाय त्याच्यामागे चेंडू पुरविणारी मधली फळी होती. अंतिम सामन्यात तीत पुण्याचे बाबू निमल होते. गोल करणारांची नावे लोकांच्या तोंडी राहतात, निमलांचे नाव मात्र महाराष्ट्रातही फारसे कोणी घेत नाही.

म्हणून हरणाऱ्या संघाने प्रथम शोधावे ते हे, की चेंडू कोठे हरवतो. हॉकीत गोल करावयाचा तर चेंडूला प्रहार गोलासमोरील अर्धवर्तुळातच, म्हणजे सुमारे १४.६३ मीटरांच्या आतच, करावा लागतो. कडेच्या खेळाडूने दिलेला चेंडू मधल्या फॉरवर्डच्या दोन पावले मागे पडला, तर त्याला थांबावे लागते, वळावे लागते, आणि तेवढ्यात दोन बचावपटू अंगावर येतात. प्रेक्षकांना दिसतो तो त्याचा हुकलेला फटका. मागे पडलेला पास कोणी पाहत नाही. एखादा शाळकरी मुलगा वही घेऊन मैदानाच्या कडेला बसविला, आणि चेंडू अर्धवर्तुळात किती वेळा शिरला, फटके किती झाले, गोलरक्षकाच्या पॅडवरून परतलेल्या चेंडूवर कोण धावले, एवढे जरी त्याने टिपले, तरी चार सामन्यांत रोगाचे निदान होईल.

अनेकदा दोष अगदी साधा निघतो. मुरमावर चेंडू उसळतो, म्हणून मुले तो अडवताना काठी सैल धरतात. तीच मुले कृत्रिम हिरवळीवर गेली की वेगाने येणारा चेंडू त्यांच्या काठीवरून दूर सरकतो. ऑफसाइडचा नियम गेल्या शतकाच्या अखेरीस रद्द झाल्यापासून काही फॉरवर्ड गोलाजवळ नुसते उभे राहून वाट पाहतात, ही खोड वेगळीच. अशा गोष्टी शिकवूनच सुधारतात. खेळाडू बदलल्याने नव्हे.

खेळाडूंच्या खरेदीवर भिस्त ठेवण्याचे फळ मुंबईनेही पाहिले आहे. २०१३ साली हॉकी इंडिया लीग सुरू झाली, तेव्हा मुंबईच्या संघाने लिलावात नामवंत खेळाडू घेतले व ऑस्ट्रेलियाचे रिक चार्ल्सवर्थ यांना प्रशिक्षक नेमले. संघ तळाला राहिला. सीमेवरील तणावामुळे पाकिस्तानी खेळाडूंना परत जावे लागले, हे त्याचे एक कारण खरे. परंतु थोड्या दिवसांच्या स्पर्धेत अनोळखी माणसांची फळी जुळावी कशी, हाही प्रश्न होताच.

खेळाडूने संघ बदलणे त्याच्या हिताचे ठरते, याचे उदाहरण खडकीचे. १९६८ साली तेथे जन्मलेला धनराज पिल्ले दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या काठ्यांनी खेळत वाढला. पुढे तो मुंबईस गेला, तेथे जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली तयार झाला, आणि १९९८ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. तेथे त्याला जागा मिळाली, आणि शिकविणाराही भेटला.

छावणीच्या गावात तर आणलेला गडी टिकतही नाही. चांगला जवान वर्ष-दोन वर्षे मैदान गाजवितो, मग त्याच्या बदलीचा हुकूम येतो. ज्या स्थानिक मुलाला त्याच्यासाठी बसविलेले असते, तो तोवर क्रिकेटकडे वळलेला असतो किंवा नोकरीला लागलेला असतो, आणि संघ पुन्हा गडी शोधू लागतो. बाहेरचा खेळाडू जरूर आणावा, पण एकच आणावा, नेमक्या जागेसाठी आणावा. आणि सरावात त्याच्या शेजारी त्याच जागेवर खेळणारा गावातला पंधरा वर्षांचा मुलगा रोज उभा करावा.