पाण्याखालचा दम

शाळांना सुट्टी लागली की दवाखान्यात मुलांची गर्दी वाढते. परवा डोळे चुरचुरतात म्हणून एक बाई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. "डॉक्टर, त्या मोबाइलवरच्या खेळावरून जरा रागवा ह्याला." डोळे तपासले, थेंब लिहून दिले. रागावण्यापूर्वी म्हटले, बघू तरी काय खेळतोस ते.

खेळ होता 'सॉनिक'. जपानच्या सेगा कंपनीने १९९१ साली काढलेला. त्यातला निळा काटेरी प्राणी वाऱ्यासारखा पळतो. पण हा मुलगा अडला होता पाण्याने भरलेल्या भुयारात. तिथे सॉनिकची चाल मंदावते. भिंतीतून भाले बाहेर येतात, तळाशी सुळे असतात, दगडी तोंडे आगीचे गोळे फेकतात. पाण्यात आग कशी, हे विचारायचे नाही! तरी खरा अडथळा वेगळाच आहे, तो म्हणजे दम. पाण्याखाली त्याला साधारण तीस सेकंदच मिळतात. मधूनमधून घंटी वाजते, शेवटी पाचापासून उलटे आकडे येतात आणि संगीताची घाई सुरू होते. तेवढ्यात तळातून येणारा हवेचा मोठा बुडबुडा गिळला तर ठीक, नाही तर बुडाला.

आमच्या घरी मुले टीव्हीला जोडून 'मारिओ' खेळत. १९८५ सालच्या त्या खेळातही पाण्याखालचा टप्पा आहे. मासे अंगावर येतात, खड्डे खाली ओढतात, पण मारिओला श्वासाची गरजच पडत नाही. डॉक्टर म्हणून माझे मत सॉनिकच्या बाजूने. पाण्यात श्वास संपतो, एवढे तरी तो मुलांना सांगतो.

हे मी बोलून दाखवले, तसा मुलगा खुलला. "काका, आम्ही विहिरीवर असंच मोजतो. बुडी मारायच्या आधी भराभर वीस-पंचवीस श्वास घ्यायचे, मग खूप वेळ टिकतं."

ऐकून माझ्या छातीत धस्स झाले.

वाचकहो, सॉनिकसारखी घंटी आपल्या शरीरातही आहे. दम कोंडल्यावर जो जीव घाबरा होतो, तो मुख्यतः प्राणवायू कमी झाल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. भराभर श्वास घेतल्याने हा वायू आधीच बाहेर फेकला जातो. प्राणवायूचा साठा मात्र फारसा वाढत नाही. म्हणजे दम वाढला असे वाटते, पण खरे तर घंटी बंद पडलेली असते. इकडे प्राणवायू संपत जातो आणि मुलगा कसलीही सूचना न मिळता पाण्याखालीच बेशुद्ध होतो. चांगल्या पोहणाऱ्यालाही हे होते, किंबहुना पैज लावणारा तोच असतो. काठावरच्या दोस्तांना वाटते, गडी काय टिकलाय! ओरडणे नाही, हातपाय मारणे नाही.

त्या मुलाला मी पोहू नकोस म्हटले नाही. पोहण्यासारखा व्यायाम नाही. श्वास रोखण्याची पैज लावायची नाही, बुडीपूर्वी भराभर श्वास घ्यायचे नाहीत आणि काठावर पोहणारे मोठे माणूस हवेच, एवढे त्याच्याकडून वदवून घेतले.

आता मोठ्यांसाठी. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोट दाबण्यात किंवा पाय धरून उलटे टांगण्यात वेळ घालवू नका. मेंदूच्या हाती मिनिटे मोजकीच असतात. श्वास चालत नसेल तर उताणे ठेवून, नाक चिमटीत धरून, तोंडाने श्वास द्या. प्रतिसाद नसेल तर छाती दाबणे सुरू करा आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. माणूस शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

डोळ्यांचे थेंब दिवसातून तीन वेळा घालायचे आहेत. मोबाइलबद्दल रागवायचे मात्र राहूनच गेले.