मातीतून उठणे

मागच्या महिन्यात आमच्या शाळेतील एका ख्रिस्ती सहकाऱ्यांच्या आईच्या मातीला आम्ही दारव्ह्याहून यवतमाळला गेलो. (1983 साली पुण्याला जाण्यापूर्वी युनियन बिब्लिकल सेमिनरी तीस वर्षे याच यवतमाळात होती, हे आता फारसे कुणाला आठवत नाही.) कबरीत मूठ मूठ माती टाकली. परतताना एसटीत दहावीच्या मुलाने विचारले, "सर, हेही आपल्यासारखेच दफन करतात. मग कियामत यांनाही मान्य आहे का?"

मान्य आहे, आणि देहासकट. ख्रिस्ती लोक फक्त अमर आत्मा मानतात हा समज चुकीचा आहे. त्यांच्या इंजीलमध्ये कबरीतून उठलेले येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातात, थोमाला जखमांना हात लावायला सांगतात. पौल मात्र लिहितो की पेरलेला दाणा आणि उगवलेले रोप सारखे दिसत नाही. आमच्या कापसाच्या मुलखात हे कुणालाही कळेल. सरकी पेरतो, वर येते ते झाड.

फरक लपवून उपयोग नाही. हजरत ईसा (अलैहिस्सलाम) यांना सुळावर मृत्यू आला हे कुरआनला मान्य नाही; अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. म्हणून ईस्टर आमचा नाही. हशर मात्र दोघांचा आहे. सूरह कियामहमध्ये तर बोटांची पेरेसुद्धा नीट जुळवण्याची गोष्ट आहे.

"आणि ज्याला जाळले तो?" मुलगा हळूच म्हणाला.

त्याचे मामा कोरोनात दूरच्या शहरात वारले. अंत्यविधी झाला, एवढेच फोनवर कळले. कसा झाला, हे त्याच्या आईला आजही ठाऊक नाही. 30 मार्च 2020 रोजी मुंबई महापालिकेने कोरोनाच्या सर्व मयतांना, धर्म कोणताही असो, जाळण्याचा आदेश काढला होता. तो लगेच मागे घेतला गेला, पण धसका राहिला.

कॅथलिक चर्चनेही दहनाला 1963 मध्येच मुभा दिली. आगीने अल्लाहची कुदरत अडत नाही, हे त्यामागचे कारण. पसंती आजही दफनालाच. आमच्यावर तर दफन फर्जच आहे. पण बुखारी शरीफमध्ये एका माणसाची हकीकत आहे. मला जाळा आणि राख वाऱ्यावर उधळा, असे त्याने मुलांना सांगितले. अल्लाहने त्याला पुन्हा गोळा केले, असे का केलेस म्हणून विचारले. तुझ्या भीतीने, तो म्हणाला. त्याला माफी मिळाली.

"सर, हे लिहून द्याल? अम्मीला वाचून दाखवतो."

आम्ही वहीचे पान फाडून लिहून दिले. दारव्हा येईपर्यंत त्याने ते दोनदा उघडले.