दाजींची पुडी

पुणे-सोलापूर हायवेला गाव असल्याचा एक तोटा असा, की सोलापूरला निघालेल्या प्रत्येक नातलगाला आमच्या डाळजच्या घराची ऐन जेवणाच्या वेळी आठवण येते. या आठवड्यात आली ती चुलत बहिणीच्या यजमानांना. जावयांवर सदरात एक ओळही लिहायची नाही, अशी मला गेल्या दिवाळीपासून घरातून ताकीद आहे. पण दाजी हे सदर वाचत नाहीत. ते पॉडकास्ट ऐकतात.

आईने उजनीची चिलापी केली होती, सोबत चुलीवरची ज्वारीची भाकरी. दाजींनी भाकरी बोटाने बाजूला सारली. ‘ग्लूटेन बंद केलंय. आतड्याचं अस्तर गळतंय माझं.’ आई घाबरली. गळतंय म्हटल्यावर कुणीही घाबरेल. मग सावरून म्हणाली, ‘त्यात गव्हाचा कण न्हाय ओ जावईबापू, ज्वारी हाय ती.’ दाजी म्हणाले, ‘मामी, धान्य म्हटलं की ग्लूटेन आलंच.’ आणि खिशातून एक चकचकीत पुडी काढून ग्लासात ओतली. पाणी हिरवं झालं. ते एका दमात पिऊन त्यांनी माशाच्या नुसत्या तुकड्यांवर जेवण उरकलं. तासाभराने चहा आला, तेव्हा त्याच माणसाने बशीतल्या खाऱ्या एकेक करून बुडवून संपवल्या. खारी म्हणजे नखशिखांत मैदा. पण ती चहाबरोबरची, म्हणजे बहुधा हिशेबात नसावी.

अडचण अशी, की दाजी सगळंच खोटं बोलत नव्हते. आतड्याचं अस्तर जेमतेम एका पेशीच्या जाडीचं असतं आणि तीन ते पाच दिवसांत बहुतेक नवं होतं. ते पसरलं तर टेनिस कोर्टाएवढं होईल असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. 2014 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी हिशेब मांडला तर सगळी पचननलिका धरूनही ते भरलं सुमारे 32 चौरस मीटर, म्हणजे आमच्या भाषेत गुंठ्याचा तिसरा हिस्सा. या पातळ बांधाच्या अलीकडे जिवाणूंचं रान आणि पलीकडे शरीराच्या संरक्षक पेशींची मोठी फौज. पेशींमधले सांधे सैल पडले की जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात, फौज उगाच सावध राहते आणि अंगात बारीक दाह धुमसत राहतो. मधुमेह, यकृतावरची चरबी, आतड्याचे जुनाट आजार यांच्याशी त्याचं नातं दिसतं. पण आधी गळती की आधी आजार, याचा निकाल सगळीकडे लागलेला नाही. हे सांधे सैल करणारं झोन्युलिन नावाचं प्रथिन 2000 साली अलेस्सिओ फासानो यांच्या गटाने उजेडात आणलं. दाजींनी करून घेतलेल्या तपासणीच्या रिपोर्टात तेच ‘वाढलेलं’ होतं. बाजारातले काही तपासणी-संच झोन्युलिन म्हणून भलतीच प्रथिनं मोजतात, हे 2018 मध्ये दाखवून झालंय. रिपोर्ट मात्र रंगीत येतो आणि पुडी त्याच कंपनीची असते.

मला राग पुडीचा नाही. ज्यांचं अस्तर खरोखर सोलून निघतं, त्यांच्याकडे कुणी रंगीत रिपोर्ट घेऊन जात नाही, याचा आहे. हंगामात बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या इकडच्या फडात उतरतात. अंग दुखतंय म्हणून बसायची सोय नाही, खाडा पडला की पैसे कापले जातात. मग पहाटे चहाबरोबर दुखण्याची गोळी. या गोळ्या जठराला लागतात हे पुष्कळांना माहीत असतं, पण लहान आतड्याचं अस्तरही त्या सोलतात. आणि खोपीतली पोरं? पाणी घाण, हगवण सारखी, त्यात आतड्यातले अन्न शोषणारे बारीक कोंब झिजून बोथट होतात. पोटात गेलेलं अंगी लागत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. त्यामागच्या कारणांत हेही एक मानतात. त्यांना पुडी नको, स्वच्छ पाणी आणि संडास हवा. त्यात कमिशन नसतं.

असो. भाकरीवर येतो, कारण ती नाकारली गेल्याचं दुःख आईला अजून आहे. गंमत म्हणजे ज्वारीतला न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जातो, जिवाणू तो आंबवून ब्यूटिरेट तयार करतात आणि तिथलं अस्तर मुख्यतः त्याच्यावरच जगतं. पुण्यातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या आतड्यातले जिवाणू तपासले, तर प्रिव्होटेला भरपूर सापडला. धान्य-कडधान्य खाणाऱ्यांच्या पोटात रमणारा जिवाणू तो. म्हणजे दाजींनी ताटातलं औषध सारून खिशातलं घेतलं.

पण दाजींनाच का बोला? आम्ही तरी ज्वारी कुठे ठेवली? उजनीचं पाणी आलं आणि बघता बघता रान उसाने भरलं. आईचं पीठ आता मंगळवेढ्याच्या ज्वारीचं, तेही पाव्हण्याकडून. हायवेवरच्या हॉटेलात चपातीपेक्षा भाकरी महाग. ज्वारी सोडल्याचा दोष कुणाला द्यावा, तर शेतकऱ्यालाही देववत नाही. उसाला पाणी सोडलं की घरी येऊन झोपता येतं. शाळूला राखण लागते, मग वाकून मुळासकट उपटायचा, कणसं खुडायची, मळायची, कडबा बांधायचा. बाई-माणूस मिळत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एकट्याने पेरायची सोय राहिली नाही. पूर्वी शिवारभर शाळू असायचा, पाखरं वाटून खायची. आता अर्ध्या एकराचा एकच तुकडा दिसला की पंचक्रोशीतली चिमणी तिथेच जेवायला.

आमच्या शेजारच्या अण्णांनी मागे हट्टाने पेरला होता. जुन्या कॅसेटींच्या फिती ताणून बांधल्या, पत्र्याचे डबे वाजवले, शेवटी माळ्यावर स्वतः चढून बसले. नातवाला गोफण दिली, तर पहिला दगड मागच्या मागे सोलरच्या पाटीवर. काढणीला हाती आला तो कडबा. म्हशी खूश होत्या.

चुलते म्हणतात, या सप्टेंबरात दहा गुंठे मालदांडी ज्वारी टाकूच, घरापुरती. बियाणं बोलून ठेवलंय. पाणी आहे, रान मोकळं आहे, फक्त राखणीला कोण यावर घरात रोज वाद. तुमच्यापैकी कुणाला गोफण नीट येत असेल तर कळवा. राहणं, जेवण आणि हुरडा आमच्याकडे.