शेवटच्या ओळींतला प्रेक्षक

रामनवमीच्या यात्रेंत कुस्त्यांचा हगामा पाहावयास मी धाकट्या पुतण्यास घेऊन गेलों होतों. आमच्या श्रीरामपुरास ही यात्रा म्हणजे वर्षांतला मोठा उत्सव. हलगी वाजत होती, पंचांचे फेटे तेवढे दिसत होते, आणि पुढील माणसांच्या पाठींपलीकडे कुस्ती चालली आहे हें आम्ही केवळ आरोळ्यांवरून ताडीत होतों. पुतण्यास खांद्यावर घेतला, तोंच मागून कोणी ओरडलें, "अहो, आम्हांलाही दिसूं द्या!" मुकाट्यानें त्यास खालीं उतरविला. परततांना त्यानें विचारिलें, "काका, सगळ्यांना दिसेल असें मैदान कोणी बांधलेंच नाहीं का?"

बांधलें आहे, आणि तेंही आपल्याच महाराष्ट्रांत. कोल्हापूरचे छत्रपति शाहू महाराज १९०२ सालीं बादशहा सातवे एडवर्ड यांच्या राज्यारोहणसमारंभासाठीं विलायतेस गेले. त्या प्रवासांत त्यांनीं रोम येथील प्राचीन क्रीडागार पाहिलें. दुसरा एखादा प्रवासी तेथून चित्रें घेऊन आला असता. महाराज कल्पना घेऊन आले. कुस्तीचा त्यांना स्वतःला मोठा नाद. पंजाबपर्यंतचे मल्ल त्यांच्या आश्रयास येत. त्यांनीं आपल्या राजधानींत खासबाग मैदानाचें काम हातीं घेतलें आणि १९१२ सालीं तें खुलें झालें. पहिली मोठी कुस्ती सुप्रसिद्ध गामाचा भाऊ इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन यांची झाली.

या मैदानाची रचना पाहण्यासारखी आहे. मध्यें लाल मातीचा गोल हौदा, आणि त्याच्या सभोंवार वर चढत गेलेली बैठक. पुढच्याचें डोकें मागच्याच्या दृष्टीआड येत नाहीं, त्यामुळें हजारों लोक बसले तरी शेवटच्या ओळींतल्या माणसासही डाव स्पष्ट दिसतो. वर छप्पर नाहीं, खुर्च्यांचा थाट नाहीं; परंतु ज्या एका सोयीवांचून बाकीच्या सोयी व्यर्थ, ती येथें पुरेपूर आहे. रोमच्या क्रीडागारांत माणसांचे जीव घेण्याचे खेळ होत. येथें पाठ मातीला लागली कीं खेळ संपतो आणि दोघे मल्ल एकमेकांस उठवितात. आकार तिकडचा, पण वृत्ति इकडची!

मात्र मैदान हा कुस्तीचा केवळ दर्शनी भाग होय. तिचें घर म्हणजे तालीम. अमेरिकेंत बेसबॉलचे संघ हंगामापूर्वीं, फेब्रुवारी-मार्च महिन्यांत, फ्लोरिडा व ॲरिझोना या उबदार प्रांतांत सरावासाठीं जातात. तेथील लहान मैदानांत कुटुंबेंच्या कुटुंबें सरावाचे सामने पाहावयास जमतात, आणि मुलांना खेळाडू जवळून दिसतो. कोल्हापुरास ही सोय वर्षभर आहे. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींत पहांटे जोर-बैठकांचा घुमारा ऐकूं येतो. मग फावड्यानें हौदा उकरावयाचा, मातींत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळून ती मऊ राखावयाची, आणि वस्तादांच्या नजरेखालीं लढत करावयाची. माती शाबूत नसेल तर पडणाऱ्याचें हाड शाबूत राहत नाहीं, म्हणून तिची निगा हाही शिक्षणाचाच भाग मानतात.

याच नगरींत राजाराम कॉलेजचे विद्यार्थी खाशाबा जाधव घडले. १९४८ सालीं ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हां गादीवरील कुस्ती त्यांना अगदीं नवी होती; तरीही ते सहावे आले. गादीची संवय होतांच १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यांनीं ब्राँझपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्यें मिळालेलें हें पहिलें वैयक्तिक पदक. जगाच्या स्पर्धांना गादी हवीच, याबद्दल वाद नाहीं; पण गादीवर उभें राहणारें शरीर व मन मातीनें घडविलें होतें, हेंही विसरतां येत नाहीं.

वास्तु उभी आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असें समजूं नये. खासबागेच्या लगतचें, महाराजांनींच १९१५ सालीं उभारलेलें नाट्यगृह—आजचें केशवराव भोसले नाट्यगृह—८ ऑगस्ट २०२४ रोजीं रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. शतकाची ठेव नाहींशी होण्यास एक रात्र पुरते. आणि तालमींना तर आगीचीही गरज नाहीं. मुलें यावयाचीं थांबलीं कीं त्या आपोआप ओस पडतात.

येथें आपल्या सुशिक्षित घरांनीं थोडें अंतर्मुख व्हावें. कुस्ती हें आपलें काम नव्हे, अशी एक समजूत आपल्यांत रुजली आहे. परंतु पेशवाईच्या अखेरीस मल्लखांबाचें पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर आपल्यासारख्याच घरांतले होते. अंबाबाईच्या दर्शनास आपण सहकुटुंब जातों; त्याच फेरींत एक पहांट मुलांना तालमींत न्यावें, आणि सायंकाळीं खासबागेच्या सर्वांत वरच्या पायरीवर बसवावें. तेथून हौदा किती जवळ वाटतो, हें त्यांना सांगावें लागणार नाहीं.

पुतण्यास मीं दिवाळींत नेण्याचें वचन दिलें आहे. तो म्हणाला, "काका, मी मुद्दाम शेवटच्या ओळींतच बसेन." राजानें त्या ओळीची चिंता वाहिली, ती ओळ भरलेली ठेवणें, आणि तींतून एखाद्यास हौद्यांत उतरविणें, एवढें तरी आपल्या हातचें आहे.