खोली शिल्लक नाही

सुट्टीत मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात एका स्वस्त हॉटेलात उतरलो. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्टावरचं नाव वाचलं, पैसे घेतले, चावी दिली. बस्स. खोलीत उशी होती. स्पॅनिशमध्ये तिला ‘आल्मोआदा’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी. १६०९ पासून स्पेनने जबरीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांनाही हाकललं. शब्द मात्र भाषेत राहिले.

आपल्याकडे माझं नाव ऐकताच ‘खोली शिल्लक नाही’ म्हणणाऱ्या मालकांना विचारतो : ‘मालक’, ‘कुलूप’ हे शब्दही अरबीतूनच आलेत. ते चालतात, मग मी का नाही? कुणी म्हणेल, त्या बाईंना फक्त पैशांशी मतलब होता. असू द्या. मला तुमचं प्रेम नको, पैसे मोजून खोली हवी. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे.