छपरावरची वीज : आधी हिशेब, मग खरेदी

भद्रकाली, दूधबाजार भागातील व्यापारी व कारागीर बांधवांनी सौर पॅनेल जरूर बसवावेत. पण विक्रेत्याच्या तोंडी हिशेबावर कर्ज काढू नये.

2024 साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान ठरले. मात्र ते घरासाठी आहे. दुकान वा कारखान्याच्या मीटरला मिळत नाही. दुसरे असे की, महावितरणच्या लाइनला जोडलेली, बॅटरी नसलेली यंत्रणा लाइट गेली की आपोआप बंद होते. लाइनवर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये, म्हणून ही सोय असते. वीज गेल्यावर मशीन चालेल, या आशेने ती घेणारा पस्तावतो.

1 किलोवॅटला सुमारे 100 चौरस फूट मोकळे छप्पर लागते. दिवसाला सरासरी 4 युनिट मिळतात. पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे. जुन्या नाशकात घरे दाटीची. हिवाळ्यात सावली लांबते, तेव्हा शेजारच्या मजल्याची सावली कुठवर येते ते पाहूनच जागा ठरवावी.

वर्षभराची बिले काढून बसा. ज्याची मशीन दिवसा चालते, त्याला अनुदानाविनाही हा सौदा परवडू शकतो. रात्रपाळीवाल्याने मात्र दोनदा विचार करावा.