केसपेपरवर बीएमआय लिहून घ्या!

हाडकुळ्या माणसाला आपण ‘काटक’ म्हणतो आणि पोट सुटलेल्याला ‘खाऊनपिऊन सुखी’. या दोन्ही शब्दांनी आपली फसवणूक केली आहे. गंगाखेड-सोनपेठकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कष्टकऱ्याचा काटकपणा म्हणजे कित्येकदा निव्वळ उपासमार असते. ती ओळखण्याचे साधे माप म्हणजे बॉडी मास इंडेक्स, अर्थात बीएमआय.

हिशेब सोपा आहे. उंची मीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि येणाऱ्या आकड्याने किलोतल्या वजनाला भागा. समजा, उंची १.६० मीटर आणि वजन ४४ किलो. १.६० गुणिले १.६० म्हणजे २.५६. ४४ भागिले २.५६ म्हणजे १७.२. प्रौढ माणसाचा बीएमआय १८.५ च्या खाली गेला की वजन कमी. आपल्या देशात २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. गरोदर स्त्रिया व १८ वर्षांखालील मुलांना हे कोष्टक लावू नये.

अर्थात हा आकडा सर्व काही सांगत नाही. भारतीय माणूस दिसायला बारीक असला तरी त्याच्या अंगात चरबी जास्त असू शकते, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. म्हणून कंबरही मोजावी. पुरुषाची ९० आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

मग वकिलाने यात का पडावे? कारण हा आकडा आता हक्काशी जोडला गेला आहे. निक्षय पोषण योजनेत क्षयरुग्णाला मिळणारे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. शिवाय ज्याचा बीएमआय १८.५ पेक्षा कमी, त्याला उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत पूरक आहार देण्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. पण दवाखान्यात वजन होते आणि उंची राहून जाते, असे आम्ही वारंवार पाहतो. आकडाच नाही, तर आहार कशाच्या आधारावर मागणार?

जनतेचे पोषणमान उंचावणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. केवळ त्याच्या बळावर कोर्टातून हुकूम मिळत नाही, हे आम्ही जाणतो. पण जाहीर झालेल्या योजनेचा लाभ लेखी अर्जाने मागता येतो. मिळाला नाही, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने जाब विचारता येतो.

तेव्हा प्रत्येक विहारात एक वजनकाटा ठेवा, भिंतीवर मोजपट्टी रंगवा. शिकलेल्या पोरापोरींनी वस्तीतल्या प्रत्येक प्रौढाचा आकडा काढून द्यावा. आणि दवाखान्यात गेल्यावर निक्षून सांगा, ‘साहेब, उंचीही मोजा. बीएमआय केसपेपरवर लिहा.’